लवचीक इंजिन, ताठर पंप

डिसेंबरच्या अखेरीस जयपूरला गेलो असता टोंक रोडवरील एका पंपावर भाड्याच्या गाडीत पेट्रोल भरले जात होते. तिथल्या तरुणाला मी सहज विचारले, ‘यात इथेनॉल किती?’ त्याने आधी माझ्याकडे आणि मग मीटरकडे पाहिले. ‘साहेब, पेट्रोल एकच आहे. किती भरायचे तेवढे सांगा.’ दर होता लिटरमागे १०४ रुपये ७२ पैसे. गाडीचा चालक मात्र बोलका निघाला. त्याची गाडी २०१८ची. वर्षभरात ‘अ‍ॅव्हरेज’ कमी झाल्याची तक्रार त्याने केली आणि पुढे विचारले, ‘नवी गाडी घ्यायची आहे. ती फ्लेक्स-फ्युएल घ्यावी का?’

एका चालकाची तक्रार हा पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु त्याच्या प्रश्नाला उत्तर देऊ लागलो तेव्हा देशाचे संपूर्ण इथेनॉल धोरण तपासल्याखेरीज ते देता येणार नाही, असे लक्षात आले. तो प्रश्न जयपूरमध्ये विचारला गेला, यालाही महत्त्व आहे. मराठी वाचक इथेनॉलकडे साखर कारखान्याच्या धुराड्याकडून पाहतो. जयपूरचा रहिवासी त्याकडे केवळ पंपाच्या नळीकडून पाहतो. राजस्थानात ऊस नगण्य, पाणी त्याहून दुर्मीळ आणि पेट्रोलवरील कर देशातील चढ्या करांपैकी एक. या शहरात जे इंधनधोरण ग्राहकाला पटेल, ते देशात कोठेही पटेल.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. ई-२० म्हणजे ऐंशी टक्के पेट्रोल आणि वीस टक्के इथेनॉल. आज देशभरातील पंपांवर सर्वसाधारणपणे हेच मिळते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग या मिश्रणाला टिकतील असे असावेत आणि एप्रिल २०२५ पासूनची इंजिने त्यासाठी जुळवलेली असावीत, असा आराखडा होता. तरीही या गाड्यांना ‘फ्लेक्स-फ्युएल’ म्हणता येत नाही. फ्लेक्स-फ्युएल गाडी साध्या पेट्रोलपासून ८५ टक्के किंवा त्याहून अधिक इथेनॉलपर्यंत कोणत्याही मिश्रणावर चालते. पेट्रोलच्या एका भागाला जाळण्यास वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला नऊच भाग पुरतात. म्हणून टाकीत इथेनॉलचे प्रमाण किती आहे हे ओळखून क्षणोक्षणी इंधनाची मात्रा बदलणारी यंत्रणा अशा गाडीत असते. रबरी भाग आणि नळ्या निराळ्या साहित्याच्या असतात. इथेनॉलची वाफ होण्यास उष्णता अधिक लागत असल्याने थंडीत इंजिन सुरू होण्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. जानेवारीत जयपूरची पहाट कशी असते, हे अनुभवलेल्यांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही.

यातले तंत्र आता अवघड राहिलेले नाही. टीव्हीएसने २०१९ मध्येच इथेनॉलवर चालणारी अपाचे मोटारसायकल बाजारात आणली होती. होंडा आणि सुझुकी यांच्या ई-८५ पर्यंत चालणाऱ्या मोटारसायकली अनुक्रमे ऑक्टोबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये आल्या. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसचा फ्लेक्स-फ्युएल नमुना नितीन गडकरी यांनी २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत सादर केला. मोटारी मात्र अद्याप प्रदर्शनांतील नमुन्यांच्या फारशा पुढे गेलेल्या नाहीत. अडचण इंजिनात नाही, ती पंपावर आणि दरफलकावर आहे.

या कथेचा पहिला अंक महाराष्ट्रातच झाला, याची आठवण येथे करून दिली पाहिजे. पाच टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली येथे राबवण्यात आले. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत हा कार्यक्रम औपचारिकपणे सुरू झाला. पुढची दहा वर्षे तो रखडला आणि २०१३-१४ मध्ये मिश्रण अवघे दीड टक्का होते. त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये, म्हणजे ठरल्यापेक्षा पाच महिने आधी गाठला गेला. वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले आणि २०२५ मध्येच ते गाठल्याचे सरकारने जाहीर केले. ठरवलेले उद्दिष्ट मुदतीआधी पूर्ण होण्याची उदाहरणे आपल्या सार्वजनिक जीवनात थोडी आहेत, म्हणून याचे श्रेय नाकारणे कोतेपणाचे ठरेल. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत सुमारे १.४४ लाख कोटी रुपयांचे परकीय चलन वाचल्याचा सरकारचा दावा आहे. तेलाची बहुतांश गरज आयातीवर भागवणाऱ्या देशाला ही रक्कम क्षुल्लक नाही.

पण वेगाची किंमत कोणी मोजली? निती आयोगाने जून २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात स्पष्ट लिहिले होते की, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या व ई-१० साठी जुळवलेल्या मोटारींची इंधन कार्यक्षमता ई-२० वर सहा ते सात टक्क्यांनी घटेल. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ही घट जुळवलेल्या गाड्यांत एक ते दोन आणि इतर गाड्यांत तीन ते सहा टक्के असल्याचे सांगितले. आकड्यांवर वाद होऊ शकतो, घट होते यावर दोन्ही दस्तऐवजांचे एकमत आहे. त्याच आराखड्यात आणखी एक शिफारस होती. या घटीची भरपाई म्हणून मिश्रित इंधनावर करसवलत द्यावी आणि त्याचा किरकोळ दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी ठेवावा, ही ती शिफारस. मिश्रणाचे उद्दिष्ट वेळेआधी पूर्ण झाले, ही शिफारस मात्र कागदावरच राहिली. इथेनॉलचे खरेदी दर तेव्हापासून वाढले असून ते आता शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग पडते, असे सरकारचे स्पष्टीकरण आहे. ते खरेही आहे. परंतु मग स्वस्त इंधनाची आशा ग्राहकाने सोडून द्यावी, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे होते.

ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे वारंवार दिले जाते, पण अर्धेच. ब्राझीलने १९७५ मध्ये, तेलसंकटानंतर, अल्कोहोल इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारी बाजारात आल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तेथील नव्या मोटारींपैकी बहुतेक त्याच प्रकारच्या होत्या. मग तेल स्वस्त झाले, साखरेचा भाव चढला, कारखान्यांनी ऊस साखरेकडे वळवला आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर अल्कोहोलचा तुटवडा पडला. ज्यांच्या गाड्यांना दुसरे काही चालत नव्हते, ते रांगेत उभे राहिले. त्या रांगांनी लोकांचा विश्वास असा उडवला की अशा मोटारींची बाजारपेठच कोसळली. तो विश्वास परत आणण्यासाठी २००३ मध्ये फोक्सवॅगनने दोन्ही इंधनांवर चालणारी ‘गोल’ आणली.

म्हणजे फ्लेक्स-फ्युएल गाडी जन्माला आली ती ग्राहकाच्या अविश्वासातून. सरकारचे धोरण फिरो, कारखानदाराचे गणित बदलो, आपली गाडी अडता कामा नये, यासाठी घेतलेला तो विमा होता. ब्राझीलचा वाहनचालक पंपावर दोन दर पाहतो. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर तो इथेनॉल घेतो, नाहीतर पेट्रोल. हा हिशेब तिथे सामान्य माणसालाही पाठ असतो. गाडीच्या लवचीकतेला अर्थ येतो तो या दोन दरांमुळे. जयपूरच्या पंपावरील तरुणाने मला जे सांगितले, ते पाहता या अर्थाला आपल्याकडे जागाच उरत नाही: पेट्रोल एकच आहे.

आता जयपूरचा हिशेब मांडून पाहू. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये साधारण २१. त्यानुसार ई-२० मध्ये सुमारे ३० आणि ई-८५ मध्ये सुमारे २३ मेगाज्यूल. ई-२० जर १०४ रुपये ७२ पैशांना मिळत असेल, तर ई-८५ परवडण्यासाठी त्याचा दर लिटरमागे ऐंशी रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने खास त्याच्यासाठी बांधलेले इंजिन यातला काही तोटा भरून काढू शकते. पण फ्लेक्स-फ्युएल इंजिनाला पेट्रोलही पचवायचे असल्याने तो लाभ पूर्णपणे पदरात पडत नाही.

ऐंशी रुपयांत हे शक्य आहे काय? मंत्रालयाच्याच माहितीनुसार जुलै २०२५ अखेर इथेनॉलचा सरासरी खरेदी दर वाहतूक व जीएसटी धरून लिटरमागे ७१ रुपये ३२ पैसे होता. दिल्लीतील पेट्रोलच्या किरकोळ दरातून कर आणि विक्रेत्याचे कमिशन वजा केले तर मूळ इंधनाची किंमत ५३ रुपयांच्या घरात येते. या दोहोंचे ८५ व १५ टक्के मिश्रण ६८-६९ रुपयांना पडेल. विक्रेत्याचे कमिशन आणि केवळ पेट्रोलच्या भागावरील केंद्रीय अबकारी कर धरल्यास ते ७६ रुपयांवर जाईल. त्यावर राजस्थानचा २९.०४ टक्के व्हॅट लावला की दर होतो ९८ रुपये. ऐंशी रुपयांना परवडणारे इंधन अठ्ठ्याण्णवला कोण घेईल? राज्याने व्हॅट शून्य केला तरच ग्राहकाचे लिटरमागे तीन-चार रुपये वाचतील. हा माझा ढोबळ हिशेब आहे आणि तेलाच्या किमती बदलल्या की तोही बदलेल. त्यातून एक गोष्ट मात्र निःसंशय दिसते. जयपूरमध्ये फ्लेक्स-फ्युएल गाडीचे भवितव्य इंजिन बनवणाऱ्यांपेक्षा राज्याच्या वित्त खात्याच्या हाती आहे.

आणि वित्त खाते ते सहजासहजी सोडणार नाही. जीएसटीनंतर राज्यांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे जे थोडे कर उरले, त्यांत इंधनावरील व्हॅट हा मोठा. केंद्र एका बाजूने इथेनॉलचे स्वप्न दाखवते आणि त्याची किंमत राज्यांनी आपल्या महसुलातून द्यावी अशी अप्रत्यक्ष अपेक्षा ठेवते. या प्रश्नाची चर्चा कोणत्याही उद्घाटन समारंभात होत नाही. इंडियन ऑइलने मार्च २०२४ मध्ये ‘इथेनॉल १००’ हे सुमारे ९३ टक्के इथेनॉल असलेले इंधन १८३ पंपांवर आणले, ते महाराष्ट्र, कर्नाटक, उत्तर प्रदेश, तमिळनाडू आणि दिल्ली येथे. त्या यादीत राजस्थान नव्हते. म्हणजे माझ्या चालकाने उद्या फ्लेक्स-फ्युएल गाडी घेतलीच, तर तो तिच्यात ई-२० च भरत राहणार.

मग हा आग्रह एवढ्या जोराने का धरला जात आहे? त्याचे उत्तर पुरवठ्याच्या बाजूला आहे. २०२५-२६ या इथेनॉल वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०५० कोटी लिटरची मागणी नोंदवली, तेव्हा उत्पादकांकडून १,७७६ कोटी लिटरचे देकार आले. व्याज सवलतीच्या कर्जांवर आसवन्या उभ्या राहिल्या, क्षमता वाढली आणि ई-२० ची मर्यादा गाठल्यावर अतिरिक्त इथेनॉल कोठे जिरवायचे हा प्रश्न उभा राहिला. फ्लेक्स-फ्युएल वाहने हे त्याचे सोयीचे उत्तर. ब्राझीलमध्ये जी गाडी ग्राहकाच्या विम्यासाठी आली, ती आपल्याकडे उत्पादकाच्या साठ्याची मोरी म्हणून येऊ पाहते आहे.

मराठी वाचकाला यात सुखावण्यासारखे काही आहे असेही नाही. २०२५-२६ च्या वाटपात उसावर आधारित इथेनॉलचा हिस्सा सुमारे २८ टक्के आहे. उरलेले मका व तांदूळ यांपासून येते. उसाचा एफआरपी २०२२-२३ मधील क्विंटलमागे ३०५ रुपयांवरून २०२५-२६ मध्ये ३५५ रुपयांवर गेला, पण उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा ६५ रुपये ६१ पैसे आणि बी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचा ६० रुपये ७३ पैसे हा दर २०२४-२५ पर्यंत जागचा हलला नाही. मक्यापासूनच्या इथेनॉलला त्याच वर्षी ७१ रुपये ८६ पैसे मिळत होते. त्याआधी ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने ऐन हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि आठवडाभरात ती सौम्य केली. साखरेचे भाव आटोक्यात ठेवण्याची निकड समजण्यासारखी होती. पण ज्या देशात इथेनॉलचा पुरवठा एका परिपत्रकाने आटू शकतो, तेथे १९८९ च्या ब्राझीलची आठवण ठेवणे शहाणपणाचे. मक्याच्या बाबतीत तर आपण निर्यातदाराचे २०२४ मध्ये आयातदार झालो. खनिज तेलाची आयात टाळण्यासाठी मका आयात करायचा, हे स्वावलंबनाचे विचित्र रूप म्हणावे लागेल.

पाण्याचा प्रश्न याहून मूलभूत आहे आणि तो जयपूरइतका दुसरीकडे क्वचितच टोचतो. निती आयोगाच्या आराखड्यातच, उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे म्हटले आहे. जयपूर शहर टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी पिते. शहराला पूर्वी पाणी पुरवणाऱ्या रामगढ तलावात १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील नौकानयन झाले होते. आज तेथे कोरडी जमीन आहे आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ड्रोनच्या साहाय्याने कृत्रिम पाऊस पाडण्याचे प्रयोग तेथे करावे लागले. अशा शहरातला माणूस गाडीची टाकी भरतो तेव्हा त्यातल्या पाचव्या हिश्शामागे दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातले पाणी असते.

ते पाणी ‘दुसऱ्या कोणाचे’ असेपर्यंत वाद होत नाही. जयपूरपासून उत्तरेला, हनुमानगढ जिल्ह्यातील टिब्बी तालुक्यात राठीखेडा येथे धान्याधारित इथेनॉल प्रकल्प उभा राहत असताना गावकऱ्यांनी भूजल आणि हवा दूषित होण्याच्या भीतीने दीर्घकाळ विरोध केला. १० डिसेंबर २०२५ रोजी त्याचा भडका उडाला. प्रकल्पाची भिंत पाडली गेली, वाहने जाळली गेली, पोलीस आणि शेतकरी यांच्यात संघर्ष झाला. हिंसेचे समर्थन कोणी करू नये. पण पंजाबातील झिरा येथे अशाच विरोधानंतर जानेवारी २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी कारखाना बंद करण्याची घोषणा केली होती, हेही विसरू नये. शेतकऱ्याला ‘अन्नदात्यासोबत ऊर्जादाता’ म्हणून गौरवणाऱ्या धोरणाला शेतकरीच गावाच्या वेशीवर अडवत असतील, तर पाण्याचा आणि सांडपाण्याचा हिशेब त्यांच्यापुढे मांडण्यात कोठेतरी कसूर झाली आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ई-२० विरोधातील याचिका फेटाळली. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा, अशी त्यात मागणी होती. माझ्या मते न्यायालयाने योग्य केले, कारण कोणत्या पंपावर कोणते इंधन असावे हे ठरवणे न्यायाधीशांचे काम नाही. मात्र याचिका फेटाळली गेल्याने प्रश्न निकाली निघत नाही. तो ज्यांनी सोडवायचा, त्या धोरणकर्त्यांकडे तो परत आला आहे. सध्याचा आराखडा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ई-२० पुरता आहे. पुढे काय, हे ठरवण्यासाठी फार दिवस उरलेले नाहीत.

माझ्या दृष्टीने चार गोष्टी आधी व्हाव्यात. प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण दराइतक्याच ठळक अक्षरांत लिहिलेले असावे. २०२३ पूर्वीच्या गाड्यांसाठी निदान काही वर्षे ई-१० चा पर्याय मोठ्या शहरांत उपलब्ध ठेवावा. इंधनावरील कर लिटरवर न आकारता त्यातील ऊर्जेवर आकारावा आणि त्यामुळे राज्यांच्या महसुलात येणारी तूट केंद्राने ठरावीक काळ वाटून घ्यावी. असे झाले की इथेनॉल खरोखर स्वस्त आहे की नाही हे भाषणांऐवजी दरफलक सांगेल. आणि ई-८५ ची सुरुवात देशभर एका तारखेला करण्याऐवजी कोल्हापूर, बेळगाव, मेरठ अशा ऊसपट्ट्यांतून करावी, जेथे कारखाना आणि पंप यांच्यात काही किलोमीटरचेच अंतर आहे. जयपूरची पाळी शेवटी आली तरी बिघडत नाही. सक्तीने साधलेले मिश्रण आकडेवारीत शोभते, पण ग्राहकाने निवडलेले इंधनच बाजारात टिकते.

विमानतळावर उतरताना चालकाने प्रश्नाची आठवण करून दिली. मी त्याला म्हणालो, फ्लेक्स-फ्युएल मोटार बाजारात आली आणि नेहमीच्याच किमतीत मिळाली तर खुशाल घे, ती तुझे नुकसान करणार नाही. पण जास्तीचे पैसे त्या नावासाठी देऊ नकोस. ज्या दिवशी तुझ्या पंपावर दोन नळ्या आणि दोन दर दिसतील, त्या दिवशी तिचा विचार कर. त्याने मान हलवली आणि १०४ रुपये ७२ पैशांची पावती माझ्या हाती ठेवली. तिच्यावर इंधनाचे नाव होते, पेट्रोल.